भरलेल्या मेलबॉक्सचं प्रकरण

१

स्ट्रेचर लिफ्टमध्ये गेलं नाही.

हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत, डॉक्टर आणि नर्सेसच्या डोळ्यांदेखत, दोन वॉर्डबॉयनी चकाचक नवी लिफ्ट उघडली आणि स्ट्रेचर आत ढकललं. पुढची चाकं गेली, मधला भाग गेला आणि मागचा वीतभर भाग बाहेरच राहिला. तिरकं करून पाहिलं, उलटं फिरवून पाहिलं. लिफ्ट काही लांब होईना. शेवटी पेशंटला उचलून जिन्याने वर न्यावं लागलं, आणि वर पोचेपर्यंत त्या बिचाऱ्याने दोन्ही वॉर्डबॉयच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

हॉस्पिटलच्या इंजिनिअरने हात वर केले. लिफ्टची लांबी वाढवल्याचा सुधारित नकाशा त्याने सहा महिन्यांपूर्वीच लिफ्टच्या कंपनीला मेलने पाठवला होता. पण त्याचा कॉम्प्युटर धुंडाळला तेव्हा त्या मेलला लगेच आलेलं एक उत्तरही सापडलं. ते त्या वेळी कुणी उघडलंच नव्हतं. 'मेलबॉक्स भरलेला असल्याने मेल पोचू शकला नाही,' एवढंच त्यात होतं.

मेलबॉक्स होता कंपनीच्या ड्रॉइंग विभागातल्या बाईंचा. स्टीलची फूटपट्टी तिच्या हातातून जेवतानाही सुटत नसे, म्हणून सगळं ऑफिस तिला फूटपट्टी म्हणे. इतक्या वर्षांत तिच्या एका रेषेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आता मालकांनी सगळ्या ऑफिसला आणि हॉस्पिटललाही एकच मेल धाडला, की हा प्रकार तिच्या निष्काळजीपणामुळे घडला आहे. तिने कबुलीपत्रावर सही करायची आणि राजीनामा द्यायचा. मुदत होती शुक्रवार संध्याकाळपर्यंत. अशी कबुली एकदा दिली की लिफ्टच्या धंद्यात तिला कुणी पेन्सिलीला टोक काढायलाही ठेवणार नव्हतं.

आणि नेमक्या त्याच शुक्रवारी सकाळी सल्लागारबाई त्या ऑफिसात येऊन पोचल्या.

कुठल्या माणसाला मेलचं कुठलं लायसन्स लागेल, कुणाला छोटा मेलबॉक्स पुरेल आणि कुणाला मोठा द्यावा, हे कंपन्यांना सांगण्याचा त्यांचा व्यवसाय. ऐकणाऱ्याला जांभई यावी असंच काम. पण माणूस काय जपून ठेवतो आणि काय फेकून देतो हे बघत बघत त्यांना माणसं चांगली वाचता यायला लागली होती. स्वभाव मात्र तिखट. "तुला भांडायला लायसन्स लागत नाही, हे एक बरं आहे," असं त्यांचा नवरा म्हणायचा.

"लायसन्सचं काय ते बघा सावकाश," मालक म्हणाले आणि त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "आधी एवढी सही द्या. मेलबॉक्स भरला होता, दोष वापरणाऱ्याचा, एवढंच लिहिलंय. हॉस्पिटलला तज्ज्ञाचं मत लागतं."

"लिहिलं कुणी हे?"

"माझ्या पुतण्याने. विक्रीप्रमुख आहे तो."

सल्लागारबाईंनी कागद वाचला आणि पेनाचं टोपण होतं तिथे परत लावलं. "माझं मत तुमच्या पुतण्याने लिहिलं, छान झालं. माझे कष्ट वाचले. पण सही माझी आहे, ती मी बघितल्यावर देते."

"बघायचं काय त्यात? भरला म्हणजे भरला!"

"साहेब, मेलबॉक्स असा गुपचूप भरत नाही. आधी तो इशारे देतो, 'जागा संपत आली'. तरी ऐकलं नाही तर मेल पाठवणं बंद करतो. आणि सगळ्यात शेवटी येणारे मेल परत पाठवायला लागतो. हा क्रम कधी चुकत नाही." त्यांनी पर्स खांद्याला अडकवली. "आत येताना बाहेर हीच चर्चा होती, म्हणून तुमच्या त्या बाईंना विचारूनच आले मी. त्यांना इशारा एकही आला नव्हता."

२

विक्रीप्रमुख पुतण्याची केबिन मालकांच्या केबिनपेक्षा मोठी होती. भिंतीवर लिफ्टचे फोटो, आणि फोटोंच्या मधोमध सोनेरी चौकटीत बसवलेला एक कागद.

"मोठं लायसन्स मला द्या, मॅडम, बाकीच्यांचं नंतर बघा," तो खुर्चीत झुलत म्हणाला. "वर्ष झालं, माझा मेल मरून पडलाय. मेल येतात, पण इथून एक ओळ पाठवता येत नाही. सगळा धंदा मी फोनवरून, माझ्या खासगी मेलने चालवतोय."

सल्लागारबाईंनी त्याचा मेलबॉक्स उघडून पाहिला. छोट्या लायसन्समध्ये पन्नास जीबी मावतात. हा काठोकाठ होता. धावत्या लिफ्टचे व्हिडिओ, उघडणाऱ्या दारांचे व्हिडिओ, लिफ्टमध्ये उभं राहून हसणाऱ्या पुतण्याचे व्हिडिओ. एकेक व्हिडिओ पाच-पाच जणांना पाठवलेला आणि पाचही वेळा जपून ठेवलेला.

"हे काढून टाकलं तर तुमचा छोटा मेलबॉक्सही रिकामा होईल."

"काढून कसं टाकू? आठवणी आहेत."

"आणि हे काय?" त्यांनी चौकटीकडे बोट दाखवलं.

पुतण्याचा चेहरा उजळला. "ही आपली समुद्रापलीकडची ऑर्डर! कंपनीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी. ती मंडळी भारी कडक. कंपनीच्या पत्त्यावरून आलेला प्रस्तावच उघडणार म्हणाले, खासगी मेल चालणार नाही. व्हिडिओबिडिओ जोडून दणदणीत प्रस्ताव पाठवला मी. दुपारी पाठवला आणि संध्याकाळी होकार. काकांनी स्वतः मी पाठवलेला हा मेल छापून चौकटीत घालून दिला."

"अभिनंदन. आणि फूटपट्टीबाईंच्या बाबतीत तुमचं काय म्हणणं?"

पुतण्याची खुर्ची झुलायची थांबली. "त्यांना सवयच आहे सगळं साठवून ठेवायची. मेल परत गेला त्या दिवशी मेलबॉक्स भरला असणार, मग संध्याकाळी घाबरून त्यांनीच पुसापुशी केली असणार. सरळ गोष्ट आहे."

गोष्ट सरळ होती खरी. पण ती विचारण्याआधीच त्याच्याकडे तयार होती, आणि सल्लागारबाईंना तयार गोष्टी फारशा आवडत नसत. त्या दारापर्यंत गेल्या तोच मागून तो म्हणाला, "आणि मोठ्या लायसन्सची एवढी हौस कुणाला होती, हे पण जरा बघा. हिशेबनीस नानांना विचारा. त्यांनी तर लेखी अर्ज केला होता."

३

हिशेबनीस नानांच्या खोलीत शिरायचं म्हणजे आडवं होऊन शिरावं लागे. जमिनीपासून छतापर्यंत कागद. कागदांच्या मधल्या फटीतून नानांचा चष्मा तेवढा दिसत होता.

"अर्ज केला होता, हो केला होता!" नाना कडाडले. "त्यात चोरी कसली? ऑफिसात मोठं लायसन्स एकच. फूटपट्टीला दिलं, तर मला का नको? मी काय कमी जुना आहे?"

सल्लागारबाईंनी त्यांचा मेलबॉक्स उघडला आणि त्यांना हसू आवरेना. आत जेमतेम मूठभर मेल होते.

"नाना, हा तर रिकामा आहे."

"रिकामा असणारच. मेल आला की मी छापतो आणि पुसतो. पडद्यावरच्या अक्षराचा काय भरवसा? आज आहे, उद्या नाही."

"मग मोठं लायसन्स कशाला हवं होतं?"

"मानाचा प्रश्न आहे," नाना म्हणाले आणि टेबलावर काहीतरी शोधू लागले. "आता जाड कागदांचा स्टेपलर कुणी नेला? हे असं आहे बघा आमच्याकडे. मालकांचा नियम, चांगली वस्तू एकच घ्यायची आणि सगळ्यांनी वापरायची. कारखान्यात उंच शिडी एक, मोठं ड्रिल एक, ऑफिसात स्टेपलर एक. लागेल त्याने न्यायचं, वापरायचं, परत ठेवायचं. कुणाला विचारायचंही नाही. ज्याला आधी लागलं त्याचं."

"छान काटकसर आहे."

"काटकसर नाही, कटकट आहे! त्या दिवशीही तेच. अर्ज घेऊन मी पासवर्डकडे गेलो..."

"कोण पासवर्ड?"

"आपला कॉम्प्युटरवाला हो. सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या ताब्यात, म्हणून त्याचं नावच पडलंय. तर मी गेलो दुपारी, नेमकं फूटपट्टी साइटवर गेली होती म्हणून म्हटलं आता कुणी भांडणार नाही. तर तो म्हणतो, नाना, आज नका विचारू, आज ते लायसन्स जागेवर नाहीये." नानांनी चष्मा वर केला. "आता मला सांगा, मोठं लायसन्स काय शिडी आहे, जागेवर नसायला?"

४

पासवर्डची खोली थंडगार होती, तरी त्याच्या कपाळावर घाम होता. तरुण, हडकुळा, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघणारा.

"ते नाना काहीही बोलतात, मॅडम. फूटपट्टीताईंना मोठं लायसन्स दिलं ते मेल परत गेल्यानंतर. मेलबॉक्स भरल्याचं कळलं म्हणूनच दिलं. त्या दिवशी त्यांच्याकडे छोटंच होतं."

"बदल केल्याची नोंद राहते ना?"

"राहते, पण आपल्या लायसन्समध्ये नोंदी काही महिनेच टिकतात. सहा महिने झाले. पुसल्या गेल्या."

हे मात्र खरं होतं. सल्लागारबाईंनी स्वतः तपासलं. त्या दिवसाचं काही उरलेलं नव्हतं. कुणाचा मेलबॉक्स केव्हा छोटा होता आणि केव्हा मोठा, हे सांगायला आता फक्त माणसांची तोंडं होती, आणि ती तोंडं मूग गिळून बसलेली.

"नानांना तुम्ही म्हणालात, लायसन्स जागेवर नाही."

"मला आठवत नाही."

"ज्या बाईंना तुम्ही ताई म्हणता, त्यांची नोकरी आज संध्याकाळी जाणार आहे, हे तरी आठवतं का?"

पासवर्डने बुटांवरची नजर उचलली. क्षणभर वाटलं, आता बोलेल. तेवढ्यात दारात पुतण्या येऊन उभा राहिला. हातात काही काम नव्हतं, चेहऱ्यावर हसू होतं. "झालं का, मॅडम? काका सहीसाठी थांबलेत."

पासवर्डची नजर परत खाली गेली.

सल्लागारबाई उठल्या. त्यांना खरं तर दोघांच्याही कानशिलात ठेवून द्यावीशी वाटत होती. "काकांना सांगा, अजून एक मेलबॉक्स उघडायचा राहिलाय," त्या म्हणाल्या. "ज्याच्यावर एवढं सगळं चाललंय, तो अजून कुणी नीट उघडून पाहिलेलाच दिसत नाही."

५

फूटपट्टी ड्रॉइंगच्या टेबलापाशी उभी राहून नकाशा काढत होती. राजीनामा द्यायच्या दिवशीही. शेजारी कबुलीपत्र पडलं होतं आणि त्यावर तिने चहाचा कप ठेवला होता.

"तुम्ही सही घ्यायला आला असाल तर परत जा," ती मान वर न करता म्हणाली. "घरी नवरा म्हणतो, करून टाक आणि मोकळी हो. मी म्हटलं, तुला एवढी घाई असेल तर तू कर."

"मी मेलबॉक्स बघायला आलेय."

"खुशाल बघा. सगळं जागेवर आहे. मी काही पुसत नाही. एक लिफ्ट वीस-पंचवीस वर्षं चालते. ती चालतेय तोवर तिचा नकाशा, त्यावरचा पत्रव्यवहार, सगळं माझ्याकडे राहणार. उद्या दोर तुटला तर लोक मला विचारणार, व्हिडिओवाल्याला नाही."

"मेल परत गेला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"लिफ्टच्या खड्ड्यात. दिवसभर मापं घेत होते, दुसऱ्या एका इमारतीत. तिथे फोनला रेंजसुद्धा नव्हती. निघताना सकाळी एक मेल केला होता आणि दुसऱ्या दिवशी आल्याआल्या मापं पाठवली. दोन्ही मेल गेले. हे बघा."

दोन्ही होते. मोठे, नकाशांसकट. सल्लागारबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मेलबॉक्स भरून मेल येणं बंद होतं, तेव्हा पाठवणं त्याच्या कितीतरी आधी बंद झालेलं असतं. इथे तर त्या दिवशी सकाळी मेल जातोय आणि दुसऱ्या सकाळीही जातोय. बंद होता तो फक्त मधला वेळ.

"पुतण्याचं म्हणणं आहे की संध्याकाळी तुम्ही घाईघाईने पुसलंत."

"मी?" फूटपट्टीने पट्टी टेबलावर आपटली. "माझ्यावर आळ घ्यायचा तर निदान माझ्या स्वभावाला शोभेल असा तरी घ्यायचा!"

सल्लागारबाईंच्या डोक्यात काहीतरी हललं. पुसलेलं किती, हे आता शोधता येणार नव्हतं. पण न पुसलेलं किती, हे तर समोरच होतं. त्यांनी खुर्ची ओढली. त्या दिवसाच्या आधी आलेले आणि गेलेले, आणि आजही मेलबॉक्समध्ये असलेले सगळे मेल त्यांनी वेगळे काढले. वर्षावर्षांचे नकाशे, मापं, पत्रं. मग त्या सगळ्यांचं मिळून वजन किती ते पाहिलं.

चोपन्न जीबी.

त्यांनी पुन्हा मोजलं. चोपन्नच.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "छोट्या मेलबॉक्समध्ये पन्नास मावतात. तुम्ही काही पुसलं असेल-नसेल, ते सोडा. जे आज शिल्लक आहे तेवढंच घेतलं तरी त्या दिवशी सकाळी तुमच्याकडे चोपन्न होते. पन्नासच्या डब्यात चोपन्न मावतं कसं?"

फूटपट्टी हिशेबाला पक्की होती. तिला एक क्षणही लागला नाही. "मावत नाही. म्हणजे मोठं लायसन्स मला त्याच्या आधीच दिलेलं होतं. नेमकं केव्हा, ते मला कुणी कळवलंच नव्हतं."

"आणि मोठ्यात शंभर मावतात. चोपन्नाने शंभरचा डबा भरत नाही." सल्लागारबाई उठल्या. "तुमचा मेलबॉक्स भरला नव्हताच. त्या दिवशी कुणीतरी तो लहान केला होता."

६

मालकांच्या केबिनमध्ये पाचही जण जमले. मालक खुर्चीत, पुतण्या खिडकीशी, पासवर्ड दाराशी, नाना सोफ्यावर आणि फूटपट्टी मधोमध उभी. तिला बसायला सांगितलं होतं. ती बसली नाही.

सल्लागारबाईंनी चोपन्न आणि पन्नासचा हिशेब सांगितला. नाना दोनदा मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे. बेरजेला तोंड नसतं, पण ती खोटंही बोलत नाही."

"आता पुढे ऐका," सल्लागारबाई म्हणाल्या. "मोठं लायसन्स काढून घेतलं की थोड्याच वेळात मेलबॉक्स छोटा होतो. आतलं सामान तसंच राहतं, पण दार बंद. काही आत येत नाही, काही बाहेर जात नाही. हॉस्पिटलचा मेल आला तो नेमका त्या वेळात. संध्याकाळी लायसन्स परत जागेवर ठेवलं आणि दार उघडलं. बाई खड्ड्यात मापं घेत होत्या, त्यांना पत्ताच नाही."

"पण काढून कोण घेईल? आणि कशाला?" मालकांनी विचारलं.

"शिडी का काढून नेतात? कारण दुसऱ्याला लागते. तुमच्याकडे चांगली वस्तू एकच असते, साहेब. लागेल त्याने न्यायची आणि विचारायचं नाही. मोठं लायसन्सही तसंच नेलं. पण शिडी नेली तर मागे कुणाचं घर लहान होत नाही. लायसन्स नेलं की मात्र होतं. आणि हे न कळण्याइतकी ही रीत तुमच्या अंगवळणी पडलीय."

"नेलं कुणी?"

"ज्याचा मेलबॉक्स तुंबलेला होता आणि ज्याला त्या दिवशी मेल पाठवणं भाग होतं, त्याने. नानांचा मेलबॉक्स रिकामा, त्यांना मोठं लायसन्स फक्त मिरवायला हवं होतं."

"मानासाठी," नानांनी दुरुस्ती केली.

"मानासाठी. आता राहिला एकच तुंबलेला मेलबॉक्स." त्या पुतण्याकडे वळल्या. "तुम्ही मला म्हणालात, वर्षभर इथून एक ओळ पाठवता आली नाही. मी मघाशी परत जाऊन पाहिलं. तुमचं म्हणणं जवळजवळ खरं आहे. वर्षभरात तुमच्या मेलबॉक्समधून एकच मेल बाहेर गेलाय. तुंबलेल्या मेलबॉक्समधून तो गेला कसा, हे सांगता? तो तुमच्या भिंतीवर चौकटीत आहे. खाली तारीख छापलेली आहे. हॉस्पिटलचा मेल परत गेला तीच तारीख, तीच दुपार."

पुतण्याने हसायचा प्रयत्न केला. "योगायोग असू शकतो."

"योगायोग नाही!" दाराशी पासवर्ड एकदम ओरडला, आणि मग आपल्याच आवाजाला दचकून पुन्हा बुटांकडे बघत बोलू लागला. "मीच बदललं. सरांनी फोन केला, म्हणाले ती साइटवर आहे, तिला कळणारही नाही, तासा-दोन तासांत परत लाव. मी लावलं परत. मेल परत गेल्याचं तेव्हा खरंच माहीत नव्हतं. परवा हॉस्पिटलमधून कळलं तेव्हा मी सरांना सांगितलं, आपण खरं सांगू. ते म्हणाले, तोंड उघडलंस तर आधी तू जाशील. ताई, मी घाबरलो."

"दोन तासांचा प्रश्न होता, काका!" पुतण्या खिडकीपासून पुढे आला. "एवढी मोठी ऑर्डर आणली मी! कंपनी त्यावर चाललीय! एका मेलसाठी..."

"नेलंस त्याबद्दल मी तुला काही म्हणत नाही," फूटपट्टी पहिल्यांदाच बोलली. "इथे सगळेच नेतात. मीही शिडी नेलीय. पण माझ्या माथी खापर फोडलंस ते कळूनसवरून. मला गुन्हेगार ठरवणारा कागद तू टाइप केलास, तेव्हा तुझा हात जरासुद्धा अडला नाही?"

पुतण्या परत खिडकीकडे वळला. मालक मात्र उठले. फूटपट्टीने सही न करताच टेबलावर आणून ठेवलेलं कबुलीपत्र त्यांनी उचललं, त्याचे दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले. मग दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"झालं गेलं. तुम्ही कामावर राहा, बाई. मोठं लायसन्स कायमचं तुमचं. हॉस्पिटलला कंपनी पदरच्या पैशाने लिफ्ट बदलून देईल. फक्त हे या खोलीबाहेर जायला नको. घरातला मुलगा आहे तो."

७

नानांना ते पटल्यासारखं दिसलं. पासवर्डने सुटकेचा निःश्वास टाकला. सल्लागारबाई फूटपट्टीकडे बघत राहिल्या. नोकरी वाचली होती, बदनामीचा कागद टोपलीत होता. कुणीही शहाणी बाई आता आभार मानून घरी गेली असती.

"मी काय घरातली नाही, म्हणून माझी गोष्ट सगळ्यांना सांगितलीत?" फूटपट्टी म्हणाली.

"तसं नाही..."

"तसंच आहे. चूक माझी होती तेव्हा सगळ्या ऑफिसला मेल गेला. हॉस्पिटलला गेला. साइटवरच्या लोकांना कळलं. माझ्या मुलीच्या मैत्रिणीच्या वडिलांना कळलं, ते लिफ्टच्याच धंद्यात आहेत. आता चूक माझी नाही तर दार लावून घेता?" तिने जाऊन दार सताड उघडलं. बाहेरची माणसं पटकन आपापल्या पडद्यांकडे वळली. "मला मोठा मेलबॉक्स बक्षीस नको. कामाला लागतो म्हणून द्या. जिथे जिथे माझं नाव घालवलंत, तिथे तिथे ते परत करा. आत्ता. मी इथेच उभी आहे."

"सोमवारी बघू."

"माझी मुदत सोमवारपर्यंत नव्हती."

मालकांनी आशेने सल्लागारबाईंकडे पाहिलं. बाहेरचा माणूस तरी समजूत घालेल, असं त्यांना वाटलं असावं. सल्लागारबाईंनी पर्समधून आपला अहवाल काढून टेबलावर ठेवला. "यांना मोठं लायसन्स. नानांना सगळ्यात छोटं. तुमच्या पुतण्याला छोटंच, आणि व्हिडिओ पुसायला एक रविवार. मोठी लायसन्स लागतील तेवढी घ्या, पण एकाचं दुसऱ्याला कधी लावू नका. आणि मेल का परत गेला ते शेवटी लिहिलंय. याच्यावर मात्र मी सही केलीय. तुम्ही पाठवलं नाहीत तर मी पाठवीन, तुमच्या परवानगीची वाट न बघता. पुढचं काम नाही दिलंत तरी चालेल."

मालक कॉम्प्युटरपुढे बसले. ते एका बोटाने टाइप करत. फूटपट्टी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि अक्षर न अक्षर वाचू लागली.

हॉस्पिटलच्या लिफ्टच्या बाबतीत ड्रॉइंग विभागाची चूक नव्हती, असं त्यांनी लिहिलं. "झालं," ते म्हणाले.

"नाही झालं. निष्काळजीपणा झाला असं तुम्हीच कळवलं होतंत. माझा नव्हता, तर कुणाचा?"

"काका, प्लीज," पुतण्या म्हणाला.

मालकांचं बोट हवेत थांबलं. मग ते खाली आलं. विक्रीप्रमुखांनी परस्पर लायसन्स काढून घेतलं, त्यामुळे मेल परत गेला आणि हे त्यांनी लपवलं. पुतण्या बाहेर निघून गेला. पासवर्डने स्वतःहून सांगितलं, "माझंही लिहा, साहेब." तेही लिहिलं गेलं.

"आता तरी?"

"आता वस्तू एकच घ्यायची आणि न विचारता न्यायची, हा नियम कुणाचा, तेही लिहा."

मालक वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "बाई, मी या कंपनीचा मालक आहे."

"म्हणूनच तर म्हणतेय," फूटपट्टी म्हणाली. तिचे पाय जागचे हलले नाहीत. "दुसऱ्या कुणाचा नियम असता तर त्याला लिहायला लावलं असतं."

त्यांनी तिच्याकडे रोखून बघितलं. ती नजर खाली घालेल याची ते वाट बघत होते. ती घालत नाही हे कळल्यावर ते परत पडद्याकडे वळले आणि एकेक अक्षर शोधत त्यांनी शेवटची ओळ लिहिली. हा नियम माझा होता आणि त्याची जबाबदारी माझी आहे.

"कुणाकुणाला पाठवू?"

"मागचा गेला होता त्या सगळ्यांना. एकही कमी नको."

त्यांनी बटण दाबलं. बाहेर एका टेबलावर टिंग वाजलं, मग दुसऱ्या, मग सगळ्याच. वाचता वाचता एकेक मान वर होऊ लागली आणि उघड्या दारातून आत बघू लागली. नानांनी मात्र मेल छापून घ्यायला धाव घेतली. फूटपट्टीने तो मेल पडद्यावर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुन्हा एकदा वाचला आणि मग आपली पर्स उचलली.

मालकांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते एकदम थकल्यासारखे दिसत होते. "आता राहणार ना तुम्ही कामावर?" त्यांनी विचारलं.

"ते आता मी ठरवणार," फूटपट्टी म्हणाली. "सोमवारपर्यंत कळवते."